दुपारनंतर कमी ऐकू येतं

माझ्या सासूबाईंनी शेवटपर्यंत लोकांना सांगितलं की आमची सून पंख्यांच्या कंपनीत आहे. मग नोएडातल्या आमच्या सोसायटीतल्या शेजारणी उन्हाळ्याच्या तोंडावर मला विचारायच्या, "भाभी, सीलिंग फॅन पे कुछ डिस्काउंट मिलेगा?" मी कधी खुलासा केला नाही, कारण सासूबाईंचं फारसं चुकत नव्हतं. सव्वीस वर्षं मी पंखेच फिरवले. फक्त ते तळहाताएवढे होते आणि कॉम्प्युटरच्या पोटात बसवलेले होते.

कॉम्प्युटर चालला की तापतो, आणि फार तापला की बंद पडतो. म्हणून आत पंखे असतात. त्या पंख्यांवर लक्ष ठेवायला मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग ज्या पाटीवर बसवलेले असतात तिच्यावर, नखाएवढी एक चिप असते. कुठे किती तापलंय, पंखा मिनिटाला किती फेरे घेतोय, वीज नीट येतेय का, हे ती सतत मोजते आणि त्याप्रमाणे पंख्याचा वेग ठरवते. पण ती बोलते आकड्यांत, आणि प्रत्येक चिपची भाषा निराळी. कॉम्प्युटरला ते बोलणं कळावं म्हणून मध्ये एक दुभाष्या प्रोग्राम लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. मी असे दुभाषे लिहीत असे.

पंख्याचा वेग शून्य ते दोनशे पंचावन्न या आकड्यांत सांगायचा असतो. शून्य म्हणजे बंद, दोनशे पंचावन्न म्हणजे पूर्ण जोर. नवख्याला वाटतं, त्यात काय एवढं, तापलं की मोठा आकडा द्यायचा. पण समजा, पन्नास अंशांवर पंखा वाढवला. तो वाढला की लगेच तापमान एकोणपन्नासवर येणार आणि पंखा मंदावणार. मंदावला की पुन्हा पन्नास. म्हणजे पंखा दर अर्ध्या मिनिटाला धापा टाकत राहणार. म्हणून मध्ये चार-पाच अंशांचं अंतर ठेवायचं: पन्नासला वाढव, पण पंचेचाळीसपर्यंत उतरल्याशिवाय कमी करू नकोस. वाचकांनी हे अंतर तेवढं लक्षात ठेवावं. पुढे जे घडलं ते त्याच्यामुळेच.

आमची कंपनी कारखाने, दवाखाने, टोलनाके अशा ठिकाणी लागणारे छोटे, दणकट कॉम्प्युटर बनवायची. त्यामुळे गिऱ्हाइकंही निरनिराळी भेटली. फरीदाबादला पत्र्याचे सुटे भाग बनवणारे एक बत्राजी होते. त्यांना नवा कॉम्प्युटर दिला, तर आठवड्यात तक्रार आली की पंखा चालत नाही. मी गेले. पंखा उत्तम चालू होता, पण माझ्या ड्रायव्हरमुळे इतका शांत की त्या कारखान्याच्या खडखडाटात कळतही नव्हता.

बत्राजी म्हणाले, "बहनजी, पहले वाला गरजता था. तसल्ली रहती थी कि ज़िंदा है."

मी त्यांना पडद्यावर फेऱ्यांचा आकडा दाखवला. त्यांनी तो पाहिला, मान हलवली आणि म्हणाले, "नंबर तो कोई भी लिख दे." शेवटी मी त्यांच्या मशीनपुरतं असं केलं की सुरू करताना पहिलं एक मिनिट पंखा पूर्ण वेगाने गरजेल. त्यानंतर रोज सकाळी बत्राजी मशीन चालू करून त्यावर हात ठेवून उभे राहायचे आणि समाधान झालं की चहा मागवायचे. आवाज कमी केल्याची तक्रार आलेलं माझं ते एकच गिऱ्हाईक.

पण मला सांगायचं आहे ते दुसऱ्या तक्रारीबद्दल. निवृत्तीला चार-पाच वर्षं राहिली होती तेव्हा ती आली. आमच्या सर्व्हिस विभागाचे प्रमुख रावतसाहेब यांनी ती मला मेलवर पाठवली आणि वर लिहिलं, "नीलाजी, ये आपके लिए. हँस लीजिए." तक्रार दिल्लीतल्या मुनिरकाच्या एका दवाखान्यातून होती. तिथे लहान मुलांचं ऐकणं तपासतात. तपासणीचं यंत्र आमच्या कॉम्प्युटरवर चालायचं. खाली इंग्रजीत साधं वाक्य होतं: तुमचा कॉम्प्युटर आल्यापासून माझ्या पेशंट मुलांना दुपारनंतर कमी ऐकू येतं.

विभागातली सगळी हसली होती. मलाही हसू आलं. पण ते वाक्य दिवसभर डोक्यातून जाईना, कारण लिहिणारीने मशीन बिघडलंय असं कुठेच म्हटलं नव्हतं. जे दिसलं तेवढंच लिहिलं होतं. असं लिहिणारी माणसं सहसा चुकत नाहीत, हा माझा नोकरीतला अनुभव.

दुसऱ्या दिवशी मी मेट्रोने मुनिरकाला गेले. शहराने वेढलेल्या त्या जुन्या गावातल्या गल्ल्यांत वर विद्यार्थ्यांच्या भाड्याच्या खोल्या, खाली मोमोजची आणि झेरॉक्सची दुकानं. त्यातल्याच एका इमारतीत पहिल्या मजल्यावर तो दवाखाना होता. दारावरची पाटी वाचली, फरहाना तांबोळी, आणि मी चटकन मराठीत विचारलं, "तुम्ही पुण्याच्या का?"

"अच्छा, तुम्ही मराठी," त्या म्हणाल्या. "बरं झालं. हिंदीत सांगून सांगून दमले, कोणी सिरियसली घेत नव्हतं यार."

फरहाना चाळिशीच्या. बारा-तेरा वर्षं दिल्लीत. ऐकणं कसं तपासतात ते त्यांनी मला दाखवलं. आवाज आत येऊ नये म्हणून भिंतींना जाड अस्तर लावलेली एक छोटी खोली. मुलाच्या कानांवर हेडफोन. त्यात बारीक सूर वाजतो. सूर ऐकू आला की मुलाने एक लाकडी रिंग टोपलीत टाकायची. सूर हळूहळू बारीक करत न्यायचा आणि कुठपर्यंत ऐकू येतंय ते पाहायचं. फरहाना मुलांसोबत आतच बसायच्या, म्हणून कॉम्प्युटरही आतच होता.

"सकाळी आलेल्या मुलांचे रिझल्ट ठीक येतात," त्या म्हणाल्या. "दुपारी आलेल्यांना खालचे, जाडसर सूर कमी ऐकू येतात. पहिल्यांदा वाटलं, मुलं दमलेली असतात. पण इतकी सगळी?"

"खोलीत एसी आहे?"

"आहे. पण टेस्ट सुरू झाली की बंद करते, आवाज नको म्हणून."

तिथे मला पहिली शंका आली. एसी बंद, खोली बंद, वर दिल्लीचा मे महिना. दुपारपर्यंत ती खोली तापणारच. पण शंका निराळी आणि पुरावा निराळा. मी माझा बिनपंख्याचा लॅपटॉप वायरने त्यांच्या कॉम्प्युटरला जोडला आणि पंख्याचे फेरे व वेळ यांची नोंद सुरू केली.

चार वाजता इरा आली. साडेचार वर्षांची, हातात प्लास्टिकचा हत्ती. तिची आई केतकी ठाण्याची, नवऱ्याबरोबर गुडगावला नोकरीला. इरा बोलायची फार कमी, चार-पाच शब्द. आधीच्या तपासणीत दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं असं निघालं होतं. झोपवून करायच्या मोठ्या तपासणीची तारीख हॉस्पिटलने दोन महिन्यांनंतरची दिली होती, आणि प्ले-स्कूल थांबायला तयार नव्हतं. म्हणून पुढच्या आठवड्यात तिला कानाची मशीनं लावायची ठरलं होतं. कानांचे साचेही घेऊन झाले होते.

"आज परत एकदा बघू," फरहाना केतकीला म्हणाल्या. "लावायच्या आधी मला खात्री हवीय."

केतकी काचेबाहेर बसली. मी आत कोपऱ्यात स्टुलावर. तपासणी सुरू झाली आणि लगेच बिनसली. सूर वाजला की इरा नुसती बसून राहायची आणि काहीच वाजलेलं नसताना रिंग टाकायची. फरहानांनी धीर धरून पुन्हा समजावलं. इराने मान डोलावली आणि पुन्हा भलत्याच वेळी रिंग टाकली. फरहानांनी कागदावर लिहिलं, उत्तरं भरवशाची नाहीत.

मी माझ्या पडद्याकडे पाहत होते. माझ्या शंकेप्रमाणे पंखा धापा टाकत होता. मिनिटाला बाराशे फेरे, मग एकवीसशे, मग पुन्हा बाराशे. इराने चौथी रिंग टाकली तेव्हा आकडा नुकताच चढला होता. पाचवीलाही तसंच. मी सहाव्या रिंगची वाट पाहिली. आकडा बाराशेवरून उचलला गेला आणि इराचा हात टोपलीकडे गेला.

मी वहीच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि फरहानांपुढे धरलं: ती पंख्याला उत्तर देतेय.

त्यांनी वाचलं. सूर पूर्ण थांबवला. आम्ही दोघी गप्प बसून राहिलो. वेग वाढला, इराने रिंग टाकली. तीनदा.

"हेडफोन घालून हिला पंखा ऐकू येतोय?" फरहाना कुजबुजल्या.

"मला तर हेडफोनशिवायही जेमतेम कळतोय," मी म्हटलं.

पोर मुळीच चुकत नव्हती. आवाज आला की रिंग टाक, असं तिला सांगितलं होतं आणि ती तेच करत होती. सगळ्यात स्पष्ट आवाज पंख्याचा होता. इतर मुलांचंही काय होत असणार ते माझ्या लक्षात आलं. पंख्याच्या घरघरीत खालचे बारीक सूर बुडून जात होते आणि आम्ही मुलांच्या कानांना दोष देत होतो.

"पंखा बंद करता येईल?" फरहानांनी विचारलं.

"तपासणीला किती वेळ लागेल?"

"दोन्ही कान, बारा मिनिटं. ही कंटाळली तर जास्त."

चालत्या मशीनचा पंखा गिऱ्हाइकाच्या जागेवर मुद्दाम बंद करणं, हे मी नोकरीत कधी केलं नव्हतं. चिप बावन्न अंश दाखवत होती. नव्वदला पोचली की कॉम्प्युटर स्वतःला वाचवायला बंद होणार, अर्धी तपासणी वाया जाणार, आणि साडेचार वर्षांचं पोर त्या दिवशी पुन्हा तिथे बसणार नाही. मी आकडा टाईप केला, शून्य.

पंखा थांबला. तेव्हा कळलं की आपण ज्याला शांतता समजत होतो ती शांतता नव्हती. इरानेही मान वर करून इकडेतिकडे पाहिलं. फरहानांनी सूर लावला. रिंग टोपलीत पडली. आणखी बारीक सूर. रिंग. मला सूर ऐकू येत नव्हते, फक्त टोपलीत लाकूड पडल्याचा आवाज येत होता आणि पडद्यावरचे आकडे दिसत होते. एकसष्ट. अडुसष्ट. एक कान झाला. इराला पाणी हवं होतं. फरहानांनी तिला दोन घोट दिले आणि हत्तीला शेजारी बसवलं. चौऱ्याहत्तर. दुसरा कान सुरू झाला. एकोणऐंशी. मी मशीनच्या पत्र्यावर हात ठेवला होता आणि तो आता धरवत नव्हता. त्र्याऐंशी. फरहाना माझ्याकडे पाहतही नव्हत्या. शहाऐंशीला त्यांनी हेडफोन काढला आणि म्हणाल्या, "झालं."

मी दोनशे पंचावन्न टाकले. पंखा असा गरजला की इरा खुदकन हसली आणि तिने उरलेल्या सगळ्या रिंगा एकदम टोपलीत ओतल्या.

बाहेर येऊन फरहानांनी केतकीला सांगितलं, "हिला छान ऐकू येतं. दोन्ही कानांनी."

केतकी पर्सची चेन उघडत आणि लावत राहिली. मग म्हणाली, "मग बोलत का नाही ही?"

"ते आता बघू. स्पीच थेरपिस्टकडे पाठवते. पण कान ठीक असले की काम खूप सोपं होतं. मशीनं लावायची नाहीत."

"साचे घेतलेत तिचे."

"खेळायला द्या तिला," फरहाना म्हणाल्या.

मी नोएडाला परत आले आणि माझा ड्रायव्हर उघडला. चूक सापडायला दोन दिवस लागले. दोन पंख्यांची ती अंतरं आधीच्या चिपमध्ये वेगवेगळ्या डब्यांत ठेवलेली असायची. नव्या चिपने एकाच डब्याचे दोन कप्पे करून दोन्ही त्यात ठेवली होती. मी जुन्या सवयीने दुसऱ्या पंख्याचं अंतर लिहिताना अख्खा डबा नव्याने भरला होता आणि पहिल्या पंख्याचं अंतर पुसलं जाऊन शून्य झालं होतं. चिपच्या माहितीपत्रकात ते एका ओळीत दिलेलं होतं. मी ती ओळ वाचली होती. आमच्या प्रयोगशाळेत एसी सतत चालू, तिथे पन्नास अंश कधी गाठलेच गेले नाहीत, म्हणून चाचणीत काही दिसलं नाही.

रावतसाहेब आता हसत नव्हते. ते म्हणाले, "नीलाजी, रिपोर्ट में लिख दीजिए, कमरे का तापमान ज़्यादा था." ते चांगले गृहस्थ होते आणि मला सांभाळून घेत होते. खोली तापली होती हे खोटंही नव्हतं. पण मी लिहिलं, चूक ड्रायव्हरची, लिहिणारी मी. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि सही केली. सुधारलेला ड्रायव्हर आम्ही सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवला.

ड्रायव्हर दुरुस्त होतो. दुपारच्या तपासण्यांचं तसं नव्हतं. फरहानांनी आमचा कॉम्प्युटर आल्यापासूनच्या दुपारच्या सगळ्या फायली काढल्या आणि मुलांना परत बोलावलं. आकडे थोडे बदलले तरी बहुतेकांचं निदान बरोबर निघालं. इरा धरून तिघांचं चुकलेलं होतं, आणि त्यांतल्या एका मुलाने तीन महिने विनाकारण मशीन वापरलं होतं. त्याच्या वडिलांना मी स्वतः फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बच्चा रोता था मशीन लगाने पर. हम डाँटते थे."  फोन ठेवताना म्हणाले, "आपने बताया, अच्छा किया."

एक मुलगा मात्र सापडला नाही. मनू, पाच वर्षांचा. दुपारी तपासलेला, मशीन लावलेला. कुटुंब मुनिरकातली खोली सोडून गेलं होतं आणि फोन लागत नव्हता. फरहाना दर काही महिन्यांनी त्या घरमालकाकडे चौकशी करायची. एव्हाना ती मला ताई म्हणत होती आणि मी तिला अगं-तुगं करत होते. मनूचा विषय निघाला की डाँटते थे, हे शब्द माझ्या डोक्यातून जात नसत.

दरम्यान इरा बोलायला लागली. दोन वर्षांनी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ती माझ्याशेजारी बसून अख्ख्या आरतीभर मला तिच्या शाळेतल्या मांजरीबद्दल सांगत होती. केतकी म्हणाली, "काकू, हिचा आवाज कमी करायचं काही आहे का तुमच्याकडे?"

त्याच हिवाळ्यात फरहानाचा फोन आला. घरमालकाला मनूच्या वडिलांचा पत्ता मिळाला होता. ते पानिपतला एका ब्लँकेटच्या कारखान्यात कामाला होते. जानेवारीत आमचं मंडळ दरवर्षी बस करून पानिपतच्या लढाईच्या स्मारकाला, काला अंबला जातं. त्या वर्षी मी फरहानालाही सोबत नेलं. स्मारकापाशी सगळ्यांबरोबर फुलं वाहिली, आणि बाकीची मंडळी जेवायला बसली तेव्हा आम्ही दोघी रिक्षा करून निघालो. तिच्या पिशवीत बॅटरीवर चालणारं तपासणीचं यंत्र होतं. त्याला पंखाच नव्हता, हे मी आधी विचारून घेतलं होतं.

घर कारखान्याला लागूनच होतं आणि मागांचा खडखडाट भिंतीतून येत होता. मनूची आई सुनीता आम्हाला पाहून घाबरली. फरहानाने तिला सगळं नीट सांगितलं. चूक कुणाची तेही सांगितलं, तेव्हा मी मान खाली घातली नाही, पण घालावीशी वाटली.

सुनीता म्हणाली, "मशीन उतारनी है क्या? ये तो उतारने ही नहीं देता."

तपासायला शांत जागा हवी होती. सुनीतानेच सुचवलं आणि आम्ही ब्लँकेटच्या गोदामात गेलो. छतापर्यंत घड्या रचलेल्या होत्या आणि आत शिरताच माग ऐकू येईनासे झाले. इतकी शांत खोली फरहानाच्या दवाखान्यातही नव्हती. मनू ब्लँकेटच्या थप्पीवर बसला. रिंगा नव्हत्या, म्हणून सूर ऐकू आला की हात वर करायचा असं ठरलं. मी दाराशी उभी राहिले. फरहानाचा चेहरा मला दिसत होता, पण त्यावरून काही कळत नव्हतं.

बऱ्याच वेळाने ती माझ्याकडे आली आणि हळूच म्हणाली, "नीलाताई, पहिला रिझल्ट बरोबर होता. याला खरंच कमी ऐकू येतं. मशीनची गरज आहे."

मला एकदम हलकं वाटलं. एका लहान मुलाला कमी ऐकू येतं, हे समजल्यावर मला हलकं वाटलं. हे मी तेव्हा फरहानालाही सांगितलं नाही, घरीही नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे. त्यात लाज किती आणि सुटका किती हे मला अजून वेगळं काढता आलेलं नाही. फरहाना मात्र कामाला लागली होती. तिने मशीनचा आवाज नव्याने जुळवून दिला आणि तपासायला मुनिरकाला कधी यायचं ते सुनीताला लिहून दिलं. मनू दुसरीत होता आणि त्याचं वाचन वर्गात सगळ्यात चांगलं आहे, असं सुनीताने दोनदा सांगितलं.

फरहानाच्या हातातलं मशीन मनूने स्वतःच घेतलं, आरशाशिवाय कानामागे नीट बसवलं आणि तो गोदामाबाहेर पळाला. आम्ही त्याच्या मागून गल्लीत आलो. बाजूला माग चालू होते. तो गल्लीच्या पार टोकाला पोचला होता. सुनीताने दारातूनच हाक मारली, ओरडून नाही, नेहमीच्या आवाजात, "मनू." आणि तो वळला.